मुलांची विचारशक्ती, टीमवर्क तपासताय? मग आधी या चुका टाळा

गेल्या महिन्यात एका ट्रेनिंगला जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसलेली नवी टीचर, मराठीच, डबा उघडता उघडता म्हणाली, "ताई, प्रगतिपुस्तकातल्या त्या क्रिटिकल थिंकिंग, कोलॅबरेशनच्या रकान्यांत तुम्ही काय भरता? रेडीमेड फॉरमॅट असेल तर व्हॉट्सअ‍ॅप करा ना, मला शनिवारपर्यंत द्यायचंय." फॉरमॅट माझ्याकडे आहे, पण मी पाठवला नाही. फॉरमॅट मिळाला की माणूस एका रात्रीत सगळ्या वर्गाचे रकाने भरून मोकळा होतो, आणि मला नेमकं तेच नकोय. म्हणून त्याऐवजी हे लिहितेय. २२ वर्षं इंदूरमध्ये सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवतेय, खालच्या बहुतेक चुका माझ्या स्वतःच्या हातून झाल्यात आणि उरलेल्या दर सत्रात आजूबाजूला बघते, खरंच जीव तुटतो.

थोडं मागचं सांगते. २००९ मध्ये सीबीएसईने सीसीई आणलं, सतत आणि सर्वंकष मूल्यमापन, आणि २०१७ मध्ये ते बंद झालं. विचार चांगला होता, एका परीक्षेवर मुलाला तोलू नका, वर्षभर बघत राहा. पण मी तेव्हा स्टाफरूममध्ये बसून जे पाहिलं ते असं, की वर्षभर कोणी काही बघत नव्हतं आणि मार्चमध्ये सगळेजण आठवून आठवून रकाने भरत होते. आता २०२० च्या शिक्षण धोरणात पुन्हा तीच दिशा आहे, प्रगतिपुस्तक ३६० डिग्री हवं, मूल स्वतःला तपासेल, सोबती तपासतील, शिक्षक तपासतील. 'परख' या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्राने त्यासाठी होलिस्टिक प्रोग्रेस कार्ड, म्हणजे सर्वांगीण प्रगतिपुस्तक, काढलंय. कागद यावेळी जास्त चांगला आहे असं माझं मत आहे, पण भरणारे हात आपलेच आहेत.

चार्टला मार्क्स देणं

शाळा सुटल्यावर कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात जाऊन उभे राहा. सौरमंडळ, ज्वालामुखी, वॉटर हार्वेस्टिंग, सगळं थर्माकोलवर तयार मिळतं, नाव लिहायला फक्त जागा मोकळी असते. मुलाची आई ऑफिसातून येता येता घेऊन येते आणि दुसऱ्या दिवशी आपण त्याला "क्रिएटिव्हिटी: ५ पैकी ५" देतो. चकचकीत कागद, स्केचपेनची बॉर्डर आणि कापसाचे ढग यांना आपण सर्जनशीलता म्हणायला लागलोय, त्याबद्दल मला राग आहे. पालकांवर नाही, आपल्यावर. आपण वस्तू मागतो म्हणून ते वस्तू आणून देतात.

माझी सवय अशी झालीय की चार्ट घरी न्यायचाच नाही. लागोपाठ दोन तास वर्गात, जुनी वर्तमानपत्रं, पेन्सिल, मागच्या वर्षीचे कोरे राहिलेले कागद, बास. आणि दुसरं, पक्क्या कामाच्या मागे कच्चं काम स्टेपल केलेलं असलंच पाहिजे. खोडाखोड, चुकलेली आकृती, टाकून दिलेली कल्पना, सगळं. कच्चा कागद नसेल तर मी घेत नाही, परत पाठवते. पहिल्या महिन्यात मुलं कच्चंसुद्धा सुंदर अक्षरात दुसऱ्यांदा लिहून आणतात, हसू नका त्यांना, इतकी वर्षं त्यांना स्वच्छतेचेच मार्क्स मिळालेत. दिवाळीपर्यंत सुटते ती सवय.

मग कच्च्यातून पक्क्यात काय बदललं आणि का, एवढंच विचारायचं. "मॅडम, पहले हमने पाइप ऊपर लगाया था पर पानी चढ़ता ही नहीं" असं जो सांगतो त्याने विचार केलाय. जो नुसताच चार्टकडे बघत उभा राहतो त्याच्याबद्दल तुम्हाला अजून काहीच माहीत नाही, इतकंच समजा, लगेच कमी मार्क्स नका लिहू.

अख्ख्या ग्रुपला एकच मार्क, किंवा भांडणाऱ्याला कमी मार्क

हे मी सविस्तर सांगणार आहे कारण हे माझ्या मनातून जात नाही.

सातवीचा वर्ग, भाद्रपद महिना. आपल्या शहरात कचरा वेगळा करणं मुलांना पाळण्यापासून माहीत असतं, घरोघरी ओला-सुका वेगळा, प्लास्टिक वेगळं, गाडी येते, देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून सीएनजी करायचा प्लांट आहे, २०२२ मध्ये सुरू झाला, रोज ५५० टनांची क्षमता. म्हणून मी प्रोजेक्ट दिला: पाच जणांचा ग्रुप, पाच घरं, सात दिवस रोजचा ओला कचरा लॅबमधल्या स्प्रिंग बॅलन्सला पिशवी लटकवून मोजायचा, सरासरी काढायची आणि त्यावरून अख्ख्या कॉलनीचा अंदाज बांधायचा.

एका ग्रुपचे पाच घरांचे मिळून रोजचे आकडे आले ते असे: ४.१, ३.८, ४.३, ४.०, ३.९, ९.२ आणि ७.४ किलो. चौघांनी बेरीज केली ३६.७, भागिले सात, उत्तर ५.२४. व्यवस्थित भागाकार, सुंदर बार ग्राफ. पाचवा मुलगा म्हणायला लागला हे चूक आहे. ग्रुप म्हणाला भागाकार बरोबर आहे, तू पुन्हा करून बघ. तो म्हणाला भागाकार नाही, उत्तर चूक आहे. शब्दाला शब्द वाढला, त्याने ग्राफचा कागद ओढून घेतला, कोपरा फाटला, मुली रडकुंडीला आल्या, सबमिशनला एक दिवस उरलेला. मी त्याला दटावून बाजूला बसवलं आणि ग्रुपने ५.२४ धरूनच फाइल दिली.

मग मी सोबत्यांकडून मूल्यमापन घेतलं, छापील फॉर्मवर, "प्रत्येकाने किती सहकार्य केले?" चौघांनी त्याच्यापुढे जवळपास एकच लिहिलं: लड़ता है, काम नहीं करने देता. मी सहकार्यात चौघांना ५ पैकी ५ दिले, त्याला २. प्रगतिपुस्तकात "समूहात काम करताना संयम हवा" असा शेराही लिहिला.

जानेवारीत रफ रजिस्टर तपासायला गोळा केली. त्याच्या रजिस्टरमध्ये तेच सात आकडे उभे लिहिलेले, शेवटच्या दोहोंभोवती लाल पेनने गोल, बाजूला लिहिलंय "ये रोज का नहीं है", आणि खाली पहिल्या पाच दिवसांचीच बेरीज २०.१, भागिले ५, उत्तर ४.०२. पाचपैकी तीन घरं मराठी होती. ते दोन दिवस म्हणजे महालक्ष्म्यांचं जेवण आणि विसर्जन. सोळा भाज्यांची सालं, केळीची पानं, हार, निर्माल्य, सगळं त्या पिशवीत. कॉलनीचा रोजचा अंदाज त्या आकड्यांवर बांधायचा नाही हे अकरा-बारा वर्षांच्या पोराला कळलं होतं, आणि माझ्या स्वतःच्या घरी महालक्ष्म्या बसतात तरी मला दिसलं नाही, कारण मी ग्राफच बघत होते.

मी त्याला वर्गासमोर उभं करून सांगितलं की तुझं बरोबर होतं आणि माझं चुकलं. तो एवढंच म्हणाला, "मॅडम, मैंने बोला था." बोलला होता. मार्क्स मी बदलून घेतले पण शेरा पहिल्या सत्राच्या कार्डावर छापून घरी गेला होता तो गेलाच.

त्या प्रोजेक्टमध्ये ज्याला सगळ्यात जास्त क्रिटिकल थिंकिंग होतं त्यालाच कोलॅबरेशनमध्ये मी कापलं. ही दोन्ही कौशल्यं एकाच मुलात एकाच वेळी ओढाताण करतात, आणि शांत ग्रुप म्हणजे चांगला ग्रुप असं धरलं की विचार करणारा दरवेळी मार खातो. त्याने कागद ओढला ते चूकच, ते मी त्याला आजही सांगेन. पण ते वागणुकीचं झालं. मुद्दा ऐकून न घेणं हे चौघांचंही असहकार्यच होतं आणि त्यांना मी पूर्ण मार्क्स दिले.

तेव्हापासून मी तीन गोष्टी करते. एक, ग्रुपच्या कामाला एक मार्क आणि प्रत्येकाला वेगळा मार्क, आणि वेगळा मार्क देण्याआधी प्रत्येकाला दोन मिनिटं एकट्याला प्रश्न, तोसुद्धा दुसऱ्याने केलेल्या भागावर. ग्राफ काढणाऱ्याला वजनाबद्दल विचारायचं. दोन, सोबत्यांच्या फॉर्ममधून "किती सहकार्य केले" हा प्रश्न काढून टाकला. आता विचारते: कोणाच्या बोलण्यामुळे तुमचं मत बदललं, आणि ते बोलणं काय होतं? आणि: कोणता मुद्दा तुम्ही मानला नाही, का? यात सूड उगवता येत नाही, आणि मैत्रिणीला फुकट मार्क्सही देता येत नाहीत, कारण बोलणं काय होतं ते लिहावं लागतं. तीन, वाद चालू असताना मी मध्ये पडत नाही, जवळ जाऊन उभी राहते आणि कोण काय म्हणालं ते लिहून घेते. सबमिशन एक दिवस लांबलं तर लांबू दे.

आठवणीतून रकाने भरणं

मार्चमध्ये बसून "नेतृत्व: ए" लिहिताना डोळ्यांपुढे जे येतं ते म्हणजे मूल एकंदर आपल्याला आवडतं की नाही. थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्येच दाखवलं होतं, लष्करातले अधिकारी आपल्या हाताखालच्यांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व असे वेगवेगळे गुण देत होते पण एकात चांगला तो त्यांना सगळ्यातच चांगला वाटत होता. आपलंही तेच होतं. नीटनेटका युनिफॉर्म, घरून आलेलं "नमस्ते मॅडम", आणि सगळीकडे ए.

माझ्या ओढणीला सेफ्टी पिनने छोटी वही अडकवलेली असते, मुलं त्याला मॅडमचा बहीखाता म्हणतात. रोज सहा मुलं ठरवते, वर्गात ४२ आहेत, म्हणजे सात दिवसांत फेरी पूर्ण. एका मुलाला एक ओळ, तारखेसकट, आणि ओळीत विशेषण नाही, फक्त काय केलं: "दुसऱ्याचं उत्तर ऐकून आपलं खोडलं." "आकडा कुठून आला ते विचारलं." "तीनदा हात वर केला, मी पाहिलं नाही." हो, माझं चुकलेलंही लिहिते. कोणी म्हणतं एवढा वेळ कुठे असतो, पण एक ओळ लिहायला हजेरीत एक नाव पुकारण्याइतका वेळ जातो, आणि मार्चमधल्या दोन रात्री वाचतात. नव्या टीचर्स पहिल्याच आठवड्यात अख्खा वर्ग आणि चारही कौशल्यं (विचार, सर्जनशीलता, सहकार्य, संवाद) एकदम धरायला जातात, दहाव्या दिवशी वही कपाटात जाते. एका महिन्यात एकच कौशल्य बघा ना. जुलैमध्ये फक्त प्रश्न विचारणं. बाकीचं पुढे.

"उत्तम, चांगले, सुधारणा हवी" हे रुब्रिक नाही

रुब्रिक म्हणजे कोणत्या कामाला कोणती पातळी द्यायची त्याचा तक्ता. नेटवरून उतरवलेल्या रुब्रिकमध्ये "उत्तमरीत्या विश्लेषण करतो" असं असतं. उत्तमरीत्या म्हणजे काय हे मला आणि तुम्हाला वेगवेगळं वाटणार, आणि मुलाला तर काहीच वाटणार नाही. दिसेल असं लिहा. पुराव्याबद्दल माझ्या चार पायऱ्या सांगते: नुसतं मत सांगतो, मताचं कारण सांगतो, कारणाला स्वतः मोजलेला किंवा पाहिलेला पुरावा देतो, आपल्या मताविरुद्ध जाणारा पुरावाही स्वतःहून सांगतो. बास. हे वर्गात भिंतीवर लावलेलं असतं आणि मुलंच एकमेकांना म्हणतात, तू अजून दुसऱ्याच पायरीवर आहेस. काम देण्याच्या आधी लावायचं मात्र, मार्क्स देताना नाही.

बाकीच्या, थोडक्यात

फाड फाड इंग्रजी म्हणजे कम्युनिकेशन नव्हे. स्वतःची गोष्ट समोरच्याला कळली का ते बघा, हिंदीत, मराठीत, माळवीत, कशातही. मी ऐकणाऱ्याला उठवून विचारते, त्याने काय सांगितलं ते सांग. त्याला सांगता आलं तर बोलणाऱ्याला मार्क्स.

मुलं उत्तरच देत नाहीत अशी तक्रार असेल तर स्वतःचं घड्याळ बघा. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी वर्गांतली रेकॉर्डिंग तपासली तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबत होते. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांब येतात, आणि एरवी न बोलणारीही बोलतात. मी मनात "गणपती बाप्पा मोरया" दोनदा म्हणते आणि मग पुढे जाते.

सगळ्यांना सारखेच मार्क्स पडतायत? मग तुम्ही विचारलेल्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असणार. प्रश्न बदला.

पीपीटी बनवली म्हणजे डिजिटल कौशल्य नाही. ही माहिती कुठून घेतली आणि खरी कशावरून, हे दोन प्रश्न विचारा. चॅटजीपीटीने लिहून आणलं असेल तरी ओरडू नका, त्यातलं एक वाक्य निवडायला सांगा आणि ते वर्गात सगळ्यांसमोर तपासून घ्या.

शेरा आणि मार्क एकाच दिवशी देऊ नका. रूथ बटलर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८८ मध्ये दाखवलं होतं की नुसता शेरा मिळालेली मुलं सुधारली, आणि शेऱ्यासोबत मार्क दिला तर तो फायदा गेला. माझ्या वर्गातही तेच दिसतं, मार्क दिसला की शेरा कोणी वाचत नाही. मी सोमवारी शेरा देते, मुलं त्याखाली आपण काय बदललं ते लिहितात, मार्क शुक्रवारी. पहिले दोन आठवडे "मॅडम, कितने मिले?" ऐकत राहायची तयारी ठेवा, आणि पीटीएमला, म्हणजे पालकसभेत, पालकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर सोमवारी संध्याकाळीच फोन सुरू होतात.