कॅटॅलिस्ट कसं खराब होतं हे टीईएममध्ये बघायचंय? मग जागा तीच धरा

फ्युएल सेलचा कॅटॅलिस्ट म्हणजे कार्बनवर बसवलेले प्लॅटिनमचे बारीक कण, ते टीईएम म्हणजे ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये दिसतात. एमएस्सी-एमटेकच्या प्रोजेक्टमध्ये हमखास दिसणारा प्रकार म्हणजे सायकलिंगच्या (व्होल्टेज पुन्हा पुन्हा वरखाली करण्याच्या) आधीचा एक फोटो, नंतरचा दुसरा, आणि खाली लिहिलेलं "प्लॅटिनमचे कण मोठे झाले". अहो, पण जागा वेगळी, कण वेगळे, मग मोठे झाले कशावरून? कणांच्या आकाराच्या हिस्टोग्राममधून फार तर सरासरी कळते, कारण नाही. त्यासाठी आयडेंटिकल लोकेशन टीईएम करा, म्हणजे आधी आणि नंतर नेमकी तीच जागा बघा, २००८ पासून लोक करतायत.

आधी ग्रिड, म्हणजे टीईएममध्ये नमुना ठेवायची छोटी जाळी. सोन्याची, अक्षरं कोरलेली फाइंडर ग्रिड घ्या, महाग पडते पण तांब्याची चालतच नाही, कारण ॲसिडमध्ये ०.६ व्होल्टला तांबं सरळ विरघळतं आणि वर प्लॅटिनमही खराब करतं. कॅटॅलिस्ट पाणी-आयसोप्रोपेनॉलमध्ये अगदी पातळ करून एकच थेंब टाका, गर्दी झाली की कण एकमेकांवर चढतात आणि मग मोजत बसा.

आता मुख्य काम. आधी अक्षराचा फोटो, मग त्याच्या शेजारच्या चौकोनाचा, मग कोपऱ्याचा, मग कार्बनच्या त्या एका गठ्ठ्याचा, असं पायरीपायरीने मॅग्निफिकेशन वाढवत जा आणि प्रत्येक पायरी सेव्ह करा. ग्रिडची कुठली बाजू वर होती तेही लिहून ठेवा, उलटी बसली तर सगळं आरशातल्यासारखं दिसतं आणि मशीनचा बुक केलेला स्लॉट शोधण्यातच जातो.

मग ग्रिड वर्किंग इलेक्ट्रोडला लावून ०.१ मोलर परक्लोरिक ॲसिडमध्ये सायकलिंग. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा प्रोटोकॉल ०.६ ते ०.९५ व्होल्ट, ३०,००० सायकल असा आहे, कार्बनचा गंज बघायचा असेल तर १.० ते १.५ व्होल्ट. नंतर डीआय वॉटरने (आयन काढलेल्या शुद्ध पाण्याने) हलक्या हाताने धुवा, वाळवा, परत तीच जागा.

छोटा कण गायब आणि शेजारचा फुगलाय तर ऑस्टवाल्ड रायपनिंग (छोट्याचं प्लॅटिनम विरघळून मोठ्यावर बसणं), दोन कण चिकटून एक झाले तर कोअलेसन्स, कण गेला पण कुणीच वाढलं नाही तर सुटून पडला असेल किंवा विरघळला असेल, नुसत्या फोटोवरून ठामपणे सांगू नका. कार्बनची कडच आत सरकली असेल तर सपोर्ट गंजलाय. व्यास ३ वरून ६ नॅनोमीटर झाला की ग्रॅममागे पृष्ठभाग निम्मा होतो, ते सीव्हीमधल्या (सायक्लिक व्होल्टॅमेट्रीमधल्या) ईसीएसएशी, म्हणजे मोजलेल्या सक्रिय पृष्ठभागाशी, जुळतंय का तेही बघा.

आणि हो, आधी बीम न पडलेली एखादी जागा नंतर नक्की बघा, तिथे बदल वेगळा दिसला तर तुम्ही कॅटॅलिस्टचा नाही, इलेक्ट्रॉन बीमचा अभ्यास केलाय.