कातळशिल्पं सकाळी, संग्रहालयं दुपारी: रत्नागिरीची फेरी कशी आखावी

रत्नागिरीत उतरणारे बहुतेक पर्यटक सकाळी आरामात न्याहारी करून अकराच्या सुमारास सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर पोचतात, तळपत्या उन्हात कातळात कोरलेल्या चित्रांच्या चार पुसट रेघा बघतात आणि 'काही दिसलंच नाही' म्हणत परततात. दुपारी समुद्रावर जातात आणि थिबा पॅलेसला पाच वाजता पोचतात, तेव्हा दार बंद होत असतं. हाच क्रम उलटा केला तर दोन्ही नीट बघून होतं. उघड्यावरचं सगळं उन्हं कलती असताना बघायचं, छपराखालचं सगळं भर दुपारी.

वार आणि ऋतू

राज्य पुरातत्त्व विभागाकडे असलेली ठिकाणं सोमवारी बंद असतात. रत्नागिरी शहरात थिबा पॅलेसमधलं संग्रहालय आणि टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान ही त्यातली दोन मुख्य. इतर दिवशी साधारण दहा ते पाच धरून चाला. सणासुदीच्या सुट्ट्यांत वेळा बदलतात, म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या संध्याकाळी विचारून घ्या. शनिवार-रविवारला सोमवार जोडून येणार असाल, तर सोमवार पूर्ण सड्यांसाठी ठेवा. कातळाला साप्ताहिक सुट्टी नसते.

कातळशिल्पांसाठी नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. पावसाळ्यात सडा देखणा असतो, पण चित्रांच्या खाचांत पाणी आणि चिखल साचतो, जांभ्यावर शेवाळ धरतं आणि पाय सटकतो. ऑक्टोबरात गवत इतकं वाढलेलं असतं की चित्राच्या कडेला उभं राहूनही चित्र सापडत नाही. मार्चनंतर सकाळी नऊलाच कातळ तापतो. गणपतीत आणि शिमग्यात सड्यापर्यंत यायला गावात माणूस मोकळा मिळणं अवघड, तेव्हा त्या दिवसांत वाटाड्याच्या भरवशावर बेत आखू नका.

कुठली शिल्पं बघायची

युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत २०२२ साली कोकणातली नऊ ठिकाणं आली. त्यातली सात रत्नागिरी जिल्ह्यातली: उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. आठवं मालवण तालुक्यातलं कुडोपी, नववं गोव्यातलं फणसायमाळ. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव सडे पालथे घालून ही चित्रं उजेडात आणली नसती, तर यातली कित्येक चिरेखाणींत गेली असती. एका दमात सातही बघायला जाऊ नका. अंतरं नकाशावर दिसतात त्यापेक्षा मोठी आहेत, कारण प्रत्येक खाडीला वळसा पडतो. दोन दिवसांत तीन किंवा चार ठिकाणं पुरे.

पहिल्यांदा जाणाऱ्याने उक्षीपासून सुरुवात करावी. गावानेच पुढाकार घेऊन चित्राभोवती चिऱ्याचं कुंपण घातलं आहे आणि वरून बघायची सोयही आहे. त्यामुळे हत्तीची आकृती एका नजरेत कळते आणि डोळ्याला सवय होते. उक्षीला कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, पण तिथे मोजक्याच गाड्या थांबतात आणि बाहेर रिक्षा मिळेलच असं नाही. रत्नागिरीहून वाहन करून जाणं बरं.

उक्षीनंतर जांभरुण बघा. तिथे एकाच सड्यावर माणूस, जनावरं, मासे आणि अर्थ न लागणाऱ्या आकृत्या अशी गर्दी आहे. उक्षीवर सवय झालेला डोळा इथे कामी येतो.

कशेळीला निदान दोन तास द्या. हत्तीची बाह्यरेषा सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्या हत्तीच्या अंगात लहान-मोठे जलचर नि भूचर प्राणी कोरलेले आहेत. इथे नेहमी एक चूक होते: लोक सरळ मध्ये जाऊन उभे राहतात आणि पायाखालचा एखादा मासा बघून हत्ती कुठे आहे म्हणून विचारतात. आधी बाहेरून पूर्ण एक फेरी मारा. पाय शोधा, मग सोंड, मग पाठीची रेघ. हत्ती एकदा मनात बसला की आतली चित्रं आपोआप सुटी होतात. त्याच गावात कनकादित्याचं देऊळ आहे. सूर्याची देवळं कोकणात फार थोडी आहेत, म्हणून ते टाळू नका. सड्यावरून उतरलात की तिथेच जा, दुपारच्या नैवेद्यानंतर गाभारा बंद मिळू शकतो.

देवाचे गोठणे इथे चित्राच्या जागी होकायंत्राची सुई दिशा चुकते. ते स्वतः करून बघायचं असेल तर साधं सुईचं होकायंत्र न्या. आधी दहा-पंधरा पावलं लांब उभं राहून उत्तर दिशा बघा, समोरची एखादी ठळक खूण लक्षात ठेवा, मग चित्राजवळ येऊन तीच दिशा पुन्हा बघा. मोबाइलवर करणार असाल तर चुंबकाची झडप असलेलं कव्हर आधी काढा. बऱ्याच जणांना दिसणारा 'चमत्कार' त्या कव्हराचाच असतो.

बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मधोमध उभा असलेला माणूस आहे. रिफायनरीच्या वादात ज्याचं नाव गाजलं तोच हा सडा.

उन्हाचा कोन

या चित्रांच्या खाचा काही सेंटिमीटरच खोल आहेत. ऊन डोक्यावर आलं की खाचेत सावली उरत नाही, आणि जांभा सगळीकडे एकाच तांबूस-करड्या रंगाचा असल्याने चित्र सपाट दगडात विरून जातं. सूर्योदयानंतरचे दोन तास आणि मावळतीआधीचे दोन तास हीच बघायची वेळ.

उभं राहताना सूर्य समोर येईल असं राहा. फोटोसाठी सूर्य पाठीशी घ्यायची सवय इथे मोडावी लागते. समोरून तिरपं ऊन असलं की खाचेची सूर्याकडची भिंत सावलीत जाते आणि तीच तुमच्या बाजूला तोंड करून असते, म्हणून रेघ काळी उठून दिसते. उन्हाच्या दिशेला समांतर गेलेल्या रेघा मात्र दिसत नाहीत. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून वर येतो आणि नैऋत्येकडे उतरतो, त्यामुळे सकाळी हरवलेली रेघ संध्याकाळी सापडते. एखादं शिल्प मनापासून आवडलं तर त्याच दिवशी दोन्ही वेळा जा. मळभ असेल तर टॉर्च जमिनीला टेकवून आडवा प्रकाश टाका.

रेघा उठाव्यात म्हणून खडू, रांगोळी, चुना किंवा बाटलीतलं पाणी टाकणारे लोक भेटतात. तसं करू नका, दुसरा करत असेल तर थांबवा. जांभ्याचा वरचा थर टणक असतो, खालचा ठिसूळ. वरची कड एकदा फुटली की पुढच्या काही पावसाळ्यांत खाच ढासळत जाते. खाचेत पाय ठेवायचा नाही, चित्रावर झोपून फोटो काढायचा नाही. खाचेतली माती खराट्याने झाडायचीही गरज नाही. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका. सेल्फी स्टिक पूर्ण लांब करून हात वर केला तरी मध्यम आकाराचं चित्र चौकटीत मावतं.

सड्यावर जाताना

सड्यावर झाड नाही, टपरी नाही, पाणी नाही. माणशी दोन लिटर पाणी, टोपी आणि घोटा झाकणारे बूट लागतातच. रत्नागिरीच्या कातळावर फुरसं असतं. हा साप जेमतेम हात-दीड हात लांब, दगडाच्या रंगाचा, आणि विषारी. सुट्या चिऱ्याखाली किंवा गडग्याच्या, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणाच्या, फटीत तो बसतो. म्हणून दगड उलटवू नका, गडग्यावर हात टेकून चढू नका, बसण्याआधी जागा बघा, अंधार पडायच्या आत गाडीपाशी या. अंगावरचे खवले घासून तो करवतीसारखा आवाज काढतो. तो ऐकू आला तर थांबा आणि आल्या वाटेने मागे या. दंश झाल्यास कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही न करता, चावा बसलेला अवयव हलू न देता थेट सरकारी रुग्णालय गाठा.

बऱ्याच सड्यांची जमीन खासगी आहे, कडेने आंब्या-काजूच्या बागा आहेत. नकाशावरची खूण डांबरी रस्त्यावरच संपते, पुढची पायवाट गावातच विचारावी लागते. 'जिओग्लिफ' म्हटलं तर कोणाला कळणार नाही, 'सड्यावरची कोरलेली चित्रं' म्हणा. गावातला वाटाड्या मिळत असेल तर घ्या आणि त्याचे पैसे आधीच विचारून ठरवा. बेड्याचं दार उघडलंत तर जाताना लावून घ्या, नाहीतर गुरं बागेत शिरतात.

दुपारचे तास

थिबा पॅलेस दुपारी बारा ते तीन या वेळेत उत्तम. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा मात्र १९१० च्या सुमारास तयार झाला, आणि १९१६ मध्ये राजा वारला. म्हणजे तीस वर्षांच्या स्थानबद्धतेतली अखेरची सहाच वर्षं तो इथे राहिला. हे मनात ठेवून वाडा फिरलात तर रिकाम्या दालनांकडे वेगळ्या नजरेने बघाल. उतरती छपरं, लाकडी कमानी, रंगीत काचा आणि वरच्या मजल्यावरच्या दालनाची संगमरवरी फरशी बघायची सोडू नका. मागच्या बाजूला राजाने आणलेली बुद्धमूर्ती आहे, तिथपर्यंत फार थोडे जातात. तिकीट स्वस्त आहे, पण सुटे पैसे जवळ ठेवा.

तिथून टिळक जन्मस्थान गाडीने काही मिनिटांवर. २३ जुलै १८५६ ला टिळक ज्या घरात जन्मले ते हे घर. अर्धा तास पुरतो, पण कोकणी घराची बांधणी समजून घ्यायची असेल तर भिंतीवरच्या तसबिरींइतकाच वेळ ओटी, माजघर आणि छपराच्या लाकूडकामाला द्या.

गणपतीपुळ्याला मुक्काम असेल तर मालगुंडचं केशवसुतांचं स्मारक अगदी जवळ आहे, तेही दुपारीच करा. गुहागरकडून येणाऱ्यांनी तवसाळ-जयगड फेरीबोट घ्यावी. गाडी बोटीत चढते, लांबचा वळसा वाचतो आणि उतरल्यावर जयगड किल्ला वाटेतच लागतो.

दोन दिवसांचा क्रम असा ठेवा. पहिल्या दिवशी सूर्योदयाला उक्षी, तिथून जांभरुण, साडेदहापर्यंत रत्नागिरीत परत, जेवून थिबा पॅलेस आणि टिळक जन्मस्थान, मावळतीला रत्नदुर्ग. दुसऱ्या दिवशी पहाटे भाट्याच्या पुलावरून पावस, पूर्णगड, गावखडी करत कशेळी. हा किनाऱ्याचा रस्ता अरुंद आहे, तेव्हा मुंबई-गोवा महामार्गाच्या हिशेबाने वेळ धरू नका. पूर्णगड परतताना बघा, जाताना थांबलात तर कशेळीचं ऊन निघून जातं. जेवण वाटेतल्या घरगुती खानावळीत सकाळी जातानाच माणसं मोजून सांगून ठेवा. आयत्या वेळी गेलात तर भात आणि सोलकढी मिळेल, मासे मिळायचे नाहीत. एसटीने फिरणार असाल तर गावात उतरल्याबरोबर कंडक्टरलाच परतीची शेवटची गाडी विचारा. ती चुकली तर रिक्षा रत्नागिरीहून बोलवावी लागते आणि येण्या-जाण्याचं दोन्ही भाडं द्यावं लागतं.