मुलतानी मातीचा साबण घरी कसा करावा

मुलतानी माती घालून घरी केलेल्या साबणाच्या दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात: वडीला भेग पडली, नाहीतर वडीत मातीच्या गुठळ्या राहिल्या. दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. माती आधी भिजवलेली नसते. काळं रान पावसात कसं फुगतं आणि वैशाखात कसं भेगाळतं हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. मुलतानी मातीही अशीच पाणी पिणारी आहे. कोरडी भुकटी साबणात टाकली की ती साबणातलंच पाणी ओढून घेते. म्हणून तिला आधी पाणी पाजायचं, मग साबणात घालायची. (रानातली काळी माती मात्र वापरू नका. तिच्यात खडे, जंतू आणि खता-फवारणीचे अंश असू शकतात.)

साहित्य आणि मापं

100 ग्रॅमच्या साधारण सात वड्यांचा हा घाणा आहे. खोबरेल तेल 250 ग्रॅम, शेंगतेल 200 ग्रॅम, एरंडेल 50 ग्रॅम, कॉस्टिक सोडा 75 ग्रॅम, डिस्टिल्ड पाणी 180 ग्रॅम, मुलतानी माती 15 ग्रॅम. सगळं वजनकाट्यावर मोजा, तेल आणि पाणीसुद्धा. वाटी-चमच्याच्या मापावर साबण होत नाही.

इतकं काटेकोर का? प्रत्येक तेल आपल्या वाट्याचा सोडा खातं. 100 ग्रॅम खोबरेलाला सुमारे 18.3 ग्रॅम लागतो, शेंगतेलाला 13.7, एरंडेलाला 12.8. आपल्या तेलांचा हिशेब साडेएकोणऐंशी ग्रॅमवर जातो. आपण 75 घेतो, म्हणजे थोडं तेल मुद्दाम शिल्लक राहतं आणि साबण अंगाला झोंबत नाही. म्हणूनच तेल बदललं की सोड्याचा हिशेब नव्याने करायचा. करडईचं तेल मात्र शेंगतेलाइतकाच सोडा घेतं. त्यामुळे शेंगतेलातले 50 ग्रॅम काढून तितकं करडईचं घातलं तर चालेल. त्याहून जास्त नको, ते लवकर खवट होतं.

खोबरेल निम्मं ठेवण्यामागे बोअरच्या जड पाण्याचा विचार आहे. जड पाण्यात इतर तेलांच्या साबणाला फेस कमी येतो, खोबरेलाच्या साबणाला त्यातही येतो. साबण करताना मात्र बोअरचं पाणी घेऊ नका, डिस्टिल्डच आणा.

कॉस्टिक सोडा शुद्ध आणि कोरडा हवा. मोरी साफ करायच्या पावडरीत इतर रसायनं असतात, ती चालत नाही. पुडा उघडा राहून दाणे ओलसर, चिकट झाले असतील तर टाकून द्या. त्यांचं वजन भरतं पण जोर उरलेला नसतो.

कृती

आदल्या रात्री माती मैद्याच्या चाळणीने चाळा. 180 पैकी 30 ग्रॅम पाण्यात ती भिजवून झाकून ठेवा. सकाळी तिची इडलीच्या पिठासारखी गुळगुळीत पेस्ट झालेली दिसेल. बोटांत चोळून पाहा, एकही कण लागता कामा नये.

आता सोडा. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर संरक्षक चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा कपडा, खिडकी उघडी, मुलं बाहेर. भांडं स्टीलचंच. ॲल्युमिनियमचं पातेलं सोडा खातो आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. उरलेलं 150 ग्रॅम पाणी भांड्यात घ्या आणि पाण्यात सोडा थोडा थोडा टाकत ढवळा. सोड्यावर पाणी कधीच ओतू नका, ते उसळून अंगावर येतं. मिश्रण हात लावता येणार नाही इतकं तापतं आणि त्याच्या वाफा घशाला लागतात, त्यामुळे तोंड लांब ठेवा. कातडीवर थेंब उडाला तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरा आणि पंधरा मिनिटं धुवा, व्हिनेगर लावत बसू नका. डोळ्यात गेलं तर तसंच धूत राहा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवा. सोड्याचं पाणी आणि तेलं, दोन्ही 35 ते 40 अंशांवर यायला हवीत. एप्रिल-मेमध्ये दुपारी इथे हवाच चाळिशीपार असते, म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे करा. थंडीत उलट, खोबरेल गोठलेलं असतं. ते आधी वितळवून घ्या.

तेलात सोड्याचं पाणी बारीक धारेने सोडा. हँड ब्लेंडर दहा-पंधरा सेकंद चालवायचा, मग बंद करून त्यानेच ढवळायचं, असं आलटून पालटून करा. चमच्यातून पडणारी धार पृष्ठभागावर क्षणभर रेघ धरून राहिली की मातीची पेस्ट घाला आणि पाच-सहा सेकंदच ब्लेंडर फिरवा. माती पडली की मिश्रण झपाट्याने दाटतं, त्यामुळे बटर पेपर लावलेला साचा आधीच तयार ठेवा. ओतून झाल्यावर साचा ओट्यावर चार वेळा आपटा, हवा निघून जाते.

साबण आतून आपोआप गरम होतो. डिसेंबर-जानेवारीत साचा सोलापुरी चादरीत गुंडाळून ठेवा. उन्हाळ्यात गुंडाळाल तर मधोमध फुगून भेग पडेल. तेव्हा तो पंख्याखाली उघडाच बरा. 24 ते 36 तासांनी, खव्याच्या वडीइतका घट्ट झाला की मोजे घालूनच कापा.

वड्या सावलीत, वारा लागेल अशा जागी, एकमेकींना न चिकटवता किमान चार आठवडे ठेवा. सहा ठेवल्या तर उत्तमच. दर आठवड्याला पालटा. इथल्या कोरड्या हवेत वडी दहा दिवसांतच वाळल्यासारखी दिसते, पण आतलं पाणी निघायचं असतं. घाई केली तर ती भराभर झिजते.

काय बिघडतं

वर पांढरी भुकटी आली तर तो सोड्याचा हवेशी संयोग होऊन झालेला थर आहे, ओल्या कापडाने पुसून टाका. ओतल्यावर वर तेल तरंगलं तर मिश्रण पुरतं घोटलेलं नव्हतं. लगेच परत भांड्यात घेऊन घोटा. नारिंगी ठिपके म्हणजे तेल जुनं, खवट होऊ लागलेलं. वडीत पांढरे टणक खडे दिसले किंवा त्यातून पाणी पाझरलं, तर तो न विरघळलेला सोडा असू शकतो. ती वडी कशालाही वापरू नका. शंका असेल तर ओल्या वडीवर पीएच पट्टी (क्षारपणा किती ते रंगावरून दाखवणारा कागद) लावून पाहा. 9 ते 10 योग्य, 11 च्या वर गेली तर अंगाला लावू नका.

वापरताना साबणदाणी भोकांची घ्या. मातीची वडी पाण्यात बसली तर खालून चिखलासारखी मऊ होते.