बाजार समितीच्या यार्डात गो-कार्टचा तात्पुरता ट्रॅक कसा आखावा

तालुक्याच्या गावी गो-कार्ट, म्हणजे शर्यतीची छोटी, बुटकी चारचाकी, पळवण्याइतकी सलग, पक्की जागा बहुधा एकच सापडते: बाजार समितीचं सिमेंटचं यार्ड. आवक नसलेला सुटीचा दिवस ठरवा, लेखी परवानग्या घ्या आणि आदल्या दिवशी टेप व फक्की घेऊन पोहोचा. रेषा मारण्याआधी न हलणाऱ्या गोष्टी हेरा: लिलावाचे ओटे, शेडचे खांब, विजेचे पोल, वजनकाटा. वळण चुकलेली कार्ट सरळ जाईल त्या दिशेला यातलं काहीही येत असेल, तर वळणच हलवा. खांबाला टायर बांधणं हा शेवटचा उपाय.

भाड्याच्या कार्टला ब्रेक सहसा फक्त मागच्या चाकांना असतो. ताशी ६० किमी वेगाने सुटलेली कार्ट स्वच्छ काँक्रीटवर थांबायला सुमारे २८ मीटर घेते, धुळीवर ४५ च्या वर. चालकाच्या लक्षात येईपर्यंत गेलेल्या एका सेकंदाचे १७ मीटर वेगळेच. यार्डात एवढी मोकळी जागा मिळत नाही. वेग ४० वर आणला तर हेच अंतर अनुक्रमे १३ आणि २१ मीटर होतं. म्हणून वेग आखणीतच कापायचा, टायरांच्या भरवशावर सोडायचा नाही. सरळ पट्टा ५० मीटरच्या आत ठेवा, रुंदी ७ ते ८ मीटर. लांब पट्ट्याच्या टोकाला एकदम उलटं वळण देऊ नका. मध्ये मऊ प्लास्टिकच्या शंकूंनी नागमोडी करा. तिथे टायर ठेवले तर चाक त्यावर चढून कार्ट उडते.

कडेच्या भिंतीला मोटारीचे जुने टायर घ्या. चार टायरांची चवड साधारण ६० सेंमी उंच होते. शेजारच्या चवडी १२ मिमीच्या बोल्टने, मोठे वायसर घालून जोडा. वळणाच्या बाहेर तीन रांगा, समोरून कन्व्हेयर बेल्टची पट्टी. पट्टी नसेल तर कार्टचं नाक दोन टायरांच्या फटीत अडकतं आणि गाडी गर्रकन फिरते. टायरांत माती भरू नका. दबणं थांबलं की ती दगडी भिंतच. ट्रॅक्टरचे मोठे टायरही नकोत, कार्ट खाली घुसते. कापसाची गाठ बाहेरून मऊ दिसते, पण १७० किलोची दाबलेली रुई आदळल्यावर दबत नाही. कुटाराची पोती पेट्रोलजवळ आणूच नका.

आता जमीन. यार्डात सगळ्यात घातक वस्तू म्हणजे सांडलेलं सोयाबीन. दाणे चाकाखाली गोट्यांसारखे सरकतात आणि काँक्रीटच्या सांध्यांत लपून बसतात. खराट्याने झाडा, सांधे टोकदार काडीने कोरा, पुन्हा झाडा. दर दोन-तीन फेऱ्यांनंतर परत पाहा. कार्टला सस्पेन्शन नसतं, त्यामुळे काळ्या मातीने उचललेला दीड-दोन सेंमीचा सांधाही चाक हवेत नेतो. असे सांधे ब्रेकच्या आणि वळणाच्या जागी येऊ देऊ नका. काँक्रीटच्या काठापासून आखणी दोन मीटर आत ठेवा, नाहीतर खाली उतरलेलं चाक कार्ट उलटवतं.

प्रेक्षक वळणाच्या बाहेरच्या अंगाला कधीच नकोत, ओट्यावरही नकोत. टायरांमागे किमान तीन मीटर सोडून बांबूचं कुंपण घाला. झेंडेवाले टायरांच्या मागे, प्रत्येकाला पुढचा दिसेल असे उभे करा. पिवळा म्हणजे पुढे धोका, लाल म्हणजे शर्यत थांबवा. पेट्रोल इंजिन बंद करून, ट्रॅकपासून दूर भरा. जवळ ६ किलोचं पावडरचं अग्निशामक हवं. १०८ च्या गाडीला ट्रॅक न ओलांडता आत-बाहेर करता यावं.

उन्हामुळे आपल्याकडे तोंडाला दुपट्टा बांधायची सवय आहे. इथे मात्र तो, ओढणी आणि मोकळे केस पूर्ण बंद. मागच्या फिरत्या धुऱ्यात क्षणात गुंडाळले जातात. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट सगळ्यांना. एप्रिल-मे मध्ये सकाळी दहापर्यंतच चालवा.

शेवटी सगळ्यात जड चालकाला निम्म्या वेगाने फेऱ्या मारायला लावा. जिथे तो रेषेबाहेर जाईल, तिथलं वळण बदला आणि पुन्हा फक्की मारा.