याकुशिमाला जाताय? मग या चुका टाळा

जपानच्या दक्षिणेकडे, कागोशिमाहून बोटीने गाठायचं हे बेट. आपल्याकडची ट्रेकर मंडळी आता तिथे बरीच जाऊ लागली आहेत आणि निघण्याआधी बहुतेकांचा मला एकच मेसेज येतो: "बावीस किलोमीटर ना? निम्म्याहून जास्त सपाट आहे म्हणे. होऊन जाईल." हे 'होऊन जाईल' वाचलं की पुढे काय होणार ते मला कळतं.

सपाट वाटेवर वेळ घालवणं

पायवाट जिथून सुरू होते त्या आराकावापासून जोमोन सुगी या पुराणवृक्षापर्यंत जाऊन-येऊन साधारण २२ किलोमीटर, म्हणजे दहा तास धरा. पहिले आठेक किलोमीटर १९२३ साली सुरू झालेल्या, लाकूडतोडीसाठी बांधलेल्या रेल्वेच्या रुळांवरून जातात. मधोमध फळ्या टाकलेल्या, चढ जाणवतच नाही. लोक इथेच सैलावतात. पुलावर फोटो, माकड दिसलं की फोटो, हरिण दिसलं की पुन्हा फोटो. ओकाबूला रूळ संपतात आणि मग सुरू होतात पायऱ्या, मुळं, ओले दगड. उरलेलं अंतर तीन किलोमीटरसुद्धा नाही, पण खरा वेळ तेच खातं.

पुण्याच्या एका ग्रुपबरोबर गेलो होतो. सगळे हरिश्चंद्रगड, अलंग-मदन-कुलंग केलेले. पहाटेची बस पकडायला मी सांगत होतो, त्यांना झोप हवी होती. ओकाबूला पोचलो तेव्हा दहा कधीच वाजून गेले होते. दहापर्यंत ओकाबू आणि दुपारी एकच्या आत झाडापासून परत, हा तिथला ठोकताळा. मी म्हटलं, मागे फिरूया. बाकीचे कुरकुरत का होईना फिरले, दोघे ऐकेनात. "एवढ्या लांब येऊन झाड न बघता परत जायचं?"

पुढे वाटेत विल्सनचा बुंधा लागतो, पूर्वी तोडलेल्या एका प्रचंड देवदाराचा. आतून पोकळ, आणि एका ठरावीक कोपऱ्यातून वर पाहिलं की आभाळ बदामाच्या आकाराचं दिसतं. त्या बदामासाठी हे दोघे रांगेत उभे राहिले! झाडापाशी पोचले अडीचनंतर. परतताना रुळांवर अंधारून आलं, हेडटॉर्च एकाकडेही नाही, मोबाइलची बॅटरी फोटोंनी खाल्लेली. शेवटची बस चुकेल म्हणून ओल्या फळ्यांवरून पळाले आणि एकाचा पाय फळीवरून घसरून मुरगळला. बस कशीबशी मिळाली, पण दुसरा दिवस साहेबांनी गेस्टहाउसमध्ये पायावर बर्फ ठेवून काढला. आम्ही शिरातानीच्या शेवाळाच्या जंगलात गेलो.

माझी सवय सांगतो. पहिली बस. तिचं तिकीट आदल्या दिवशीच घेऊन ठेवायचं, कारण मार्च ते नोव्हेंबर खाजगी गाड्या वर सोडत नाहीत. परत फिरायची वेळ निघतानाच सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायची. ती झाली की झाड दहा मिनिटांवर असलं तरी फिरायचं. हे ज्याला पटत नाही त्याला मी सोबत नेत नाही.

'पाऊस काय, आम्ही पावसाळ्यातच ट्रेक करतो'

सह्याद्रीतला पाऊस अंगावर घ्यायला मजा येते, कारण तो थंडगार नसतो आणि चार तासांत गावात पोचून चहा मिळतो. याकुशिमाच्या किनाऱ्यावर वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो, डोंगरात ८,००० ते १०,०००. महाबळेश्वरपेक्षाही कितीतरी जास्त, आणि तो बारा महिने. बंदरावर ऊन होतं म्हणून वर जीन्स घालून येणारे मी पाहिलेत. जीन्स एकदा भिजली की वाळत नाही, आणि वर गारठा असतो. पोंचोही नको: पायरी उतरताना स्वतःचेच पाय दिसत नाहीत. रेनजॅकेट आणि रेनपँट, दोन्ही वेगवेगळे. नसतील तर बेटावर भाड्याने मिळतात, बूटसुद्धा. पैसे वाचवायला स्वस्तातला प्लास्टिकचा रेनकोट घेणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

फक्त जोमोन सुगीच बघायचा हट्ट

झाड मोठंच आहे, घेर १६ मीटरहून जास्त. वयाचे अंदाज २,१७० पासून ७,२०० वर्षांपर्यंत. पण ते बघायचं लांबच्या लाकडी मचाणावरून, कारण माणसांच्या पायांनी मुळांवरची माती जात होती. हात लावायला मिळणार नाही. आणि गंमत म्हणजे ते टिकलं वाकडेपणामुळे. एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) छपराच्या फळ्यांसाठी सरळ खोडं तोडली गेली, गाठाळ खोडं कोणी घेतली नाहीत. ग्रॅनाइटवरच्या निकस मातीत इथले देवदार फार हळू वाढतात, लाकडात राळ भरपूर, म्हणून कुजत नाहीत. हजार वर्षं ओलांडलेल्यालाच तिथे 'याकुसुगी' म्हणतात. हे जंगल निवांत बघायचं असेल तर शिरातानी उन्सुइक्यो गाठा. शेवाळाचा तो हिरवा रंग, वर ताइको-इवाचा कातळ, अर्ध्या-पाऊण दिवसात होतं. नवख्यांना मी आधी तिथेच पाठवतो, आणि त्यांना ते अपमानास्पद वाटतं!

बाकीचं थोडक्यात

वाटेत टपरी नाही, पोहे नाहीत. बेंतो, म्हणजे जेवणाचा डबा, आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा, बेटावरच्या आन्बो गावातली काही दुकानं पहाटे चारच्या सुमारास उघडतात. शाकाहाऱ्यांनी घरून ठेपले न्यावेत, तिथे भाजीच्या रसातही मासळी असते.

ओकाबूनंतर पक्कं शौचालय नाही. पिशवीवाला पोर्टेबल टॉयलेट बेटावर विकत मिळतो, तो सॅकमध्ये ठेवा आणि वापरलेली पिशवी खाली आणा. नाक मुरडू नका.

मोबाइलला रेंज बहुतेक ठिकाणी नसते. नकाशा आधीच उतरवून घ्या आणि कुठे जाताय त्याचा फॉर्म भरून द्या.

आणि परतीचं विमान बोटीच्याच दिवशी ठेवू नका. लाटा वाढल्या की जेटफॉइल, म्हणजे वेगवान बोट, सरळ रद्द होते, वादळाच्या मोसमात तर दोन-दोन दिवस.