पायलट व्हायचंय? जमिनीला हात लावण्याआधी या चुका टाळा

डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, आणि मला परभणी-हिंगोलीकडून फोनावर फोन यायला लागले. सगळ्यांचा सूर एकच. "दादा, कंपन्यांना पायलटच मिळेनात म्हणे. पोराला आताच पायलटच्या कोर्सला घालून टाकावं का?" मी जिंतूर तालुक्यातला, गेली बरीच वर्षं प्रवासी विमान उडवतो. तेच ते उत्तर देऊन घसा सुकला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

पहिली आणि सगळ्यात महाग चूक म्हणजे 'टंचाई आहे' हे ऐकून 'नोकरी आहे' असं समजणं. टंचाई खरी आहे. वैमानिकांच्या ड्यूटीचे नवे नियम आले, आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 वर गेली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. तेच वेळापत्रक चालवायला जास्त माणसं लागली आणि ती तयार नव्हती. पुढेही लागणार आहेत. 2023 मध्ये एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांची ऑर्डर दिली, आणि एका विमानाला कॅप्टन व को-पायलटच्या पाच-सहा जोड्या लागतात.

पण कंपनीचं अडतं ते कॅप्टनवाचून. त्याला एटीपीएल हे वरचं लायसन्स लागतं, म्हणजे निदान 1,500 तासांचं उड्डाण, शिवाय उजवीकडच्या, म्हणजे को-पायलटच्या सीटवर काढलेली वर्षं. तुमचा मुलगा सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं पहिलं लायसन्स घेऊन बाहेर पडतो तेव्हा त्याच्या लॉगबुकात 200 तास असतात. तो ती जागा भरू शकत नाही. यंदा केशरला भाव आहे म्हणून आज कलम लावलं, तर या भावाचा आंबा आपल्या हाती लागतो का? को-पायलटच्या जागा निघतात, पण रांगेत आधीच लायसन्स घेऊन बसलेली पोरं असतात. त्यात मधूनच एखादी कंपनी बुडते. 2012 मध्ये किंगफिशर, एप्रिल 2019 मध्ये जेट, मे 2023 मध्ये गो फर्स्ट. दर वेळी हजारो तासांचा अनुभव असलेली माणसं बाजारात आली आणि नवी पोरं मागे ढकलली गेली. बँकेचा हप्ता मात्र कुणासाठी थांबत नाही.

म्हणून मी प्रत्येक बापाला एकच विचारतो: लायसन्स मिळाल्यावर दोन-तीन वर्षं पगाराविना हप्ता भरता येईल का? उत्तर 'नाही' असेल तर थांबा.

दुसरी चूक माझ्या जिव्हारी लागलेली आहे. मेडिकलच्या आधी पैसे भरणं.

आमच्या नात्यातला एक मुलगा, बारावीला फिजिक्स-गणितात उत्तम गुण. एका हॉटेलात सेमिनार झाला, गणवेशातली माणसं स्टेजवर, 'आजच भरलं तर सवलत'. वडिलांनी दोन एकर विकून बारा लाख त्याच आठवड्यात भरले. महिनाभराने मुलगा क्लास टू मेडिकलला, म्हणजे पायलटच्या पहिल्या वैद्यकीय तपासणीला गेला. तिथे रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढं ठेवतात, ठिपक्यांत दडलेला आकडा वाचायचा असतो. ज्या पानावर तुम्हाआम्हाला 8 दिसतो, तिथे त्याने 3 वाचला. पुढच्या पानांवरही तसंच. लाल-हिरव्यातला फरक त्याला जन्मापासून नीट कळत नव्हता आणि अठरा वर्षांत घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. पैसे परत मागितले तेव्हा पावतीच्या मागची बारीक अक्षरं दाखवली गेली. वडील माझ्यासमोर बसून ती पावती नुसती उलटीपालटी करत होते. ते हात मी विसरलेलो नाही.

हा घोळ टाळायला फार काही लागत नाही. कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे रंगांची तपासणी काही मिनिटांत होते. ती आधी करा, मग डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या यादीतल्या डॉक्टरकडून क्लास टू, आणि त्यानंतर क्लास वन, म्हणजे सीपीएलला लागणारी पुढची तपासणी. क्लास वन हातात येईपर्यंत फ्लाइंग स्कूलला एक रुपया देऊ नका. चष्मा असला म्हणून घाबरू नका, नंबरच्या ठरलेल्या मर्यादेत चष्मा चालतो.

सगळी फी एकदम भरू नका. कितीही सवलत देऊ देत, उडालेल्या तासांप्रमाणे हप्त्याने भरा.

खर्च मोजताना सीपीएलचे साधारण 50-60 लाख धरता आणि टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक जातीचं विमान उडवायचं प्रशिक्षण विसरता. ते वेगळं, 15-20 लाखांच्या घरात. आणि नोकरी ठरल्याशिवाय स्वतःच्या खिशातून टाइप रेटिंग करू नये, असं माझं ठाम मत आहे.

परदेशात लवकर होतं म्हणून जाणाऱ्यांनो, परत आल्यावर लायसन्स इथे बदलून घ्यावं लागतं, परीक्षा आणि चाचण्यांसकट. तो वेळ हिशोबात धरा.

प्रश्नसंच पाठ करून पेपर पास करणं ही आपल्याकडच्या पोरांची खास खोड. डीजीसीएच्या पेपरला 70 टक्के लागतात आणि पाठांतराने ते मिळतातही. मग मुलाखतीत कुणीतरी साधं विचारतं: हवेच्या दाबावरून उंची सांगणाऱ्या अल्टीमीटरवर दाब 10 हेक्टोपास्कल जास्त लावला तर काय होईल? पोरगा गप्प. अरे, एका हेक्टोपास्कलला सुमारे 30 फूट, म्हणजे तू आहेस त्यापेक्षा 300 फूट वर असल्याचं यंत्र सांगेल. संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 फुटांवर आहे, म्हणजे यंत्र 2,200 दाखवत असताना तू जमिनीला टेकलेला असशील. ढगातून उतरताना ते 300 फूट म्हणजे जीव. मला घाई करणाऱ्या पोरांचा राग येतो तो इथे. मी अजूनही महिन्यातून एकदा मेटिऑरॉलॉजीचं, म्हणजे हवामानशास्त्राचं जुनं पुस्तक काढून बसतो.

मग या वाटेला जावं का? ज्याचा जीव यात आहे आणि ज्याच्या घरात थांबायची ताकद आहे, त्याने जरूर जावं. मी पुन्हा हेच निवडीन.

गेल्या महिन्यात गंगाखेडच्या एका मुलीचा फोन आला. डीजीसीएच्या परीक्षेला लागणारा कॉम्प्युटर नंबर काढून घरीच अभ्यास केला, नेव्हिगेशन आणि मेटिऑरॉलॉजीचे पेपर सुटले, क्लास वनही झालं. "काका, आता स्कूल कुठलं निवडू?" मी म्हटलं, जाहिरात बघू नकोस, कुंपणाबाहेर दोन दिवस उभी राहा आणि मोज. तिसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला: "विमानं नऊ, उडणारी चार. दुसरं स्कूल बघायला निघालेय."