विद्यापीठातील नोकरी आणि निवडणुकीची उमेदवारी : अर्ज भरण्यापूर्वी काय करावे

विद्यापीठातील प्राध्यापकाने किंवा लिपिकाने निवडणुकीला उभे राहायचे ठरवले की दोन प्रश्न उभे राहतात आणि ते सहसा एकमेकांत मिसळले जातात. मी उमेदवारीला पात्र आहे का, याचे उत्तर संविधान आणि निवडणूक कायदा देतो. माझी नोकरी मला उभे राहू देते का, याचे उत्तर सेवानियम देतात. निवडणूक निर्णय अधिकारी फक्त पहिला प्रश्न तपासतो. म्हणून अर्ज वैध ठरला तरी विद्यापीठाची परवानगी मिळाली असे होत नाही आणि कुलसचिवांचे ना-हरकत पत्र हाती असले तरी अपात्रता टळत नाही.

पात्रतेपासून सुरुवात करावी. लोकसभेसाठी अनुच्छेद 102 आणि विधिमंडळासाठी अनुच्छेद 191 यांनुसार शासनाच्या अधीन लाभाचे पद धारण करणारी व्यक्ती अपात्र ठरते, मात्र कायद्याने सूट दिलेल्या पदांना हे लागू नाही. पद शासनाच्या अधीन आहे की नाही हे ठरवताना न्यायालये नेमणूक कोण करते, काढून टाकण्याचा अधिकार कोणाला आहे, वेतन कोण देते, काम कोणासाठी चालते आणि त्यावर नियंत्रण कोणाचे आहे, हे पाहतात. विद्यापीठ ही कायद्याने स्थापन झालेली स्वतंत्र संस्था असल्यामुळे, वेतन शासकीय अनुदानातून येते एवढ्यावरून तिथले पद शासनाचे ठरत नाही. शासकीय महाविद्यालयातील प्राध्यापकाची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे. तो थेट शासकीय कर्मचारी असतो आणि महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मधील नियम 5 त्याला राजकीय पक्षाचे सदस्यत्व, प्रचार आणि उमेदवारी या तिन्हींपासून दूर ठेवतो. त्याने घरावर किंवा गाडीवर निवडणूक चिन्ह लावले तरी तो वजन वापरल्याचा प्रकार मानला जातो. म्हणून सर्वप्रथम आपला नियुक्ती आदेश काढावा आणि त्यावर सही कोणाची आहे, कोणते नियम लागू केले आहेत, हे वाचावे. कृषी विद्यापीठे, केंद्रीय विद्यापीठे आणि संलग्न महाविद्यालये यांचे नियम एकसारखे नसतात, त्यामुळे दुसऱ्या विद्यापीठातील मित्राचा अनुभव आपल्या कामी येईलच असे नाही.

त्यानंतर कुलसचिवांना लेखी अर्ज करावा. कोणती निवडणूक, किती दिवसांची रजा आणि कोणत्या नियमाखाली परवानगी हवी, हे त्यात स्पष्ट लिहावे आणि आवक शाखेचा शिक्का, क्रमांक व तारीख असलेली पोच स्वतःजवळ ठेवावी. विभागप्रमुखांचे तोंडी ‘काही हरकत नाही’ वादाच्या वेळी कोणालाच आठवत नाही.

राजीनामा देऊनच उभे राहणे भाग असेल, तर इथे सर्वाधिक काळजी घ्यावी लागते. नामनिर्देशनपत्रांच्या छाननीसाठी ठरलेल्या तारखेला उमेदवार पात्र असावा लागतो. आस्थापना शाखेत काम करताना मी पाहिले आहे, की एका सहकाऱ्याने छाननीच्या चार दिवस आधी राजीनामा दिला, त्याची पोचही घेतली, पण मंजुरीची टिपणी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यातच ते दिवस संपले. राजीनामा देणे आणि तो मंजूर होऊन कार्यमुक्तीचा आदेश हातात पडणे यांत अंतर असते, आणि सूचनेचा कालावधी किंवा त्याऐवजी भरायचे वेतन यांचा हिशोब त्याच अंतरात अडकतो. निवडणुकीची अधिसूचना निघण्याची वाट न पाहता हे काम महिना-दोन महिने आधीच सुरू करावे.

ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि महानगरपालिका यांच्या अपात्रता त्या-त्या अधिनियमात वेगळ्या दिल्या आहेत; त्या मुळातूनच वाचाव्यात.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 159 नुसार विद्यापीठाचे कर्मचारी निवडणूक कामासाठी घेता येतात, त्यामुळे उमेदवाराच्याच नावाने मतदान अधिकारी म्हणून आदेश येऊ शकतो. तो आला तर दुर्लक्ष न करता नामनिर्देशनपत्राची प्रत जोडून जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडून लेखी सूट घ्यावी. प्रचारात विद्यापीठाची गाडी, शिपाई, कोरे लेटरहेड किंवा विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप गट वापरू नये. विद्यार्थ्याला गुण देणाऱ्या माणसाने त्याच्याकडे मत मागणे मला तरी कोणत्याही नियमाशिवाय अयोग्य वाटते.

निवडून आल्यानंतरचा विचारही आधीच करावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांप्रमाणे शिक्षकाला वैद्यकीय कारण वगळता सलग तीन वर्षांपेक्षा जास्त काळ रजेवर राहता येत नाही, आणि विधानसभेची मुदत पाच वर्षांची असते. हार्वर्डमध्ये इतिहास शिकवणारे सुगत बोस 2014 मध्ये जादवपूरमधून लोकसभेवर गेले. 2019 मध्ये मात्र विद्यापीठाची परवानगी न मिळाल्याने ते उभे राहणार नाहीत, असे ममता बॅनर्जी यांनी सांगितले होते. तेव्हा पहिल्याच अर्जात पूर्ण मुदतीची रजा, धारणाधिकार (मूळ पदावर परत येण्याचा हक्क) आणि सेवाज्येष्ठता यांबद्दल विचारावे आणि लेखी उत्तर येईपर्यंत उमेदवारी जाहीर करू नये.